भर थंडीतली उन्हाळी

ह्या सदरात वर्षभर मी शब्दांविषयी लिहीत असते. कुठला शब्द कुठून आला, कुठे रुळला, कुणी त्याला वाळीत टाकले, असल्या चौकशा करणे हा माझा छंद आहे आणि पोटापाण्याचा उद्योगही. मी सांगलीला कॉलेजात मराठी शिकवते. दिवाळी अंकासाठी संपादकांचे पत्र आले, "ह्या वेळी काहीतरी खमंग येऊ द्या." मी दोन दिवस 'चकली' आणि 'कडबोळे' ह्या शब्दांच्या मागे हिंडले. पण खरे सांगायचे तर ह्या वर्षी माझ्या डोक्यात एकच शब्द ठाण मांडून बसला आहे आणि तो काही खमंग नाही. तो शब्द म्हणजे 'उन्हाळी'.

उन्हाळी म्हणजे सुटी नव्हे की भुईमुगाचे पीक नव्हे. 'उन्हाळी लागणे' म्हणतात ती. साताऱ्याला आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी हा शब्द आत्याबाईच्या तोंडी असे. एखादे पोर मोरीत जाऊन रडू लागले की ती स्वयंपाकघरातूनच ओरडे, "अगं, पोरीला उन्हाळी लागलीय. धन्याजिऱ्याचं पाणी ठेवा." लघवीला आग होणे, पुन्हा पुन्हा लागणे आणि गेले की चार थेंब होणे, ह्या सगळ्याला मिळून तो एक शब्द. उन्हाशी त्याचे नाते उघड आहे. उन्हातान्हात हिंडायचे, पाणी प्यायचे नाही, मग लघवी पिवळीजर्द होते आणि जळजळते. हे पूर्वीच्या लोकांनी बरोबर हेरले होते.

वैद्यांचा शब्द ह्याहून भारदस्त. चरकसंहितेत मूत्रकृच्छ्राचे आठ प्रकार सांगितले आहेत. कृच्छ्र म्हणजे कष्ट. डॉक्टरमंडळी 'यूटीआय' म्हणतात आणि सरकारी पत्रकात 'मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग' असे छापतात. म्हणजे एका दुखण्याला आपल्याकडे चार शब्द झाले. आणि चारही शब्द ठाऊक असलेल्या, मराठीची एम. ए. झालेल्या ह्या बाईला गेल्या पौषात त्यांतला एकही शब्द वेळेवर उच्चारता आला नाही. त्याचीच ही हकीकत.

त्या दिवसांत साताऱ्याला आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते. वहिनी एकटीच सगळे करीत होती, म्हणून दर शनिवारी दुपारचे तास संपले की मी एस. टी. पकडून साताऱ्याला जायची आणि रविवारी संध्याकाळी परत निघायची. आष्टा, पेठ नाका, कऱ्हाड करीत तीन-साडेतीन तासांचा प्रवास. आता, प्रवासाचा एक नियम आपल्या घराघरांतून मुलींना लहानपणीच शिकवलेला असतो : निघताना जाऊन यायचे आणि वाटेत पाणी प्यायचे नाही. हा नियम मी चाळिशी उलटली तरी इमानाने पाळीत होते. शनिवारी सकाळपासूनच माझे पाणी बंद असे. स्टँडवरच्या स्वच्छतागृहाची आठवण झाली की तहान आपोआप मरते.

इतर दिवशी तरी काय निराळे होते? आमच्या कॉलेजात बायकांचे स्वच्छतागृह आहे. पण त्याला कुलूप असे. "बाहेरचे लोक घाण करतात" म्हणून. किल्ली ऑफिसात, कारकुनाच्या टेबलाच्या खणात. दहा माणसांसमोर जाऊन "जरा किल्ली द्या" म्हणायचे आणि त्यांनी ती मान वर न करता पुढे सरकवायची, हा सोहळा मी शक्यतो टाळीत असे. सकाळी आठला घरून निघताना अर्धा कप चहा आणि मग दुपारी घरी पोचल्यावर पाणी. माझ्या बरोबरीच्या बायकाही तेच करीत. आम्ही त्याविषयी कधी एक अक्षर बोललो नाही.

एका शुक्रवारी, तृतीय वर्षाच्या वर्गात मी अलंकार शिकवीत होते आणि तास अर्ध्यावर आला असताना मला कळ आली. गेले, चार थेंब झाले आणि मिरची लागावी तशी आग झाली. परत वर्गात येऊन उत्प्रेक्षेचे उदाहरण पुरे होते न होते तोच पुन्हा कळ. मुलींना सांगितले, "घरून फोन येतोय." एका तासात दोनदा फोन आला तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे पाहू लागल्या.

घरी ह्यांनी विचारले, "चेहरा का असा?" मी म्हणाले, "पोट बिघडलंय." आपल्या बायकांच्या बोलीत 'पोट' हा फार सोशिक शब्द आहे. बेंबीच्या खाली जे जे काही दुखते, जळते, स्रवते, ते सारे त्या बिचाऱ्या पोटावर घालायचे! ह्यांनी मला ओवा आणून दिला.

शनिवारी तशीच साताऱ्याला गेले आणि आले. सोमवारी लघवी गढूळ दिसू लागली, वास येऊ लागला. मंगळवारी कपाटातल्या डब्यात ह्यांच्या दाढदुखीच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या सापडल्या. जंतू मारायच्या गोळ्या आहेत, दाढेतले मेले तर इथले का मरणार नाहीत, असा मी सुशिक्षित विचार केला. दोन दिवस घेतल्या, आग कमी झाली, उरलेल्या दोन गोळ्या पुढच्या वेळेसाठी पुन्हा डब्यात ठेवल्या. काटकसर!

पुन्हा शनिवार, पुन्हा सातारा. रविवारी परतताना कऱ्हाड सुटल्यावर मला हुडहुडी भरली. पौषातली थंडी म्हणून मी शाल लपेटली. पेठ नाक्याला आईने दिलेली दुसरी शालही लपेटली, तरी दात वाजत होते. उजव्या कुशीत, बरगडीच्या खाली, पाठीकडे असे काही दुखू लागले की गाडीच्या प्रत्येक हिसक्याला डोळ्यांत पाणी येई. सांगली स्टँडवर उतरले ती वांती करीतच. ताप १०३ होता.

सांगलीकरांना मोठे आजारपण म्हटले की मिरज जवळ आहे ह्याचा धीर असतो. तिथे वानलेस साहेबांनी १८९४ साली इस्पितळ काढले, १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि आता तर गल्लोगल्ली दवाखाने आहेत. पण मला इतके लांब जावे लागले नाही. आमच्या भागातल्याच एका डॉक्टरीणबाईंकडे ह्यांनी नेले. त्यांनी कुशीवर हलकीच थाप मारली, मी किंचाळले, आणि त्यांनी विचारले,

"लघवीला जळजळ कधीपासून आहे?"

"कालपासून."

"बाई, तुम्ही शिकवता. खरं सांगा."

"दहा दिवस."

त्यांनी ह्यांच्याकडे पाहिले. हे माझ्याकडे पाहत होते. "अगं, मग ओवा कशाला खात होतीस?" एवढेच ते म्हणाले. पाच दिवस मी तिथे सलाइन लावून पडले.

जरा बरे वाटल्यावर डॉक्टरीणबाईंनी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर मला चित्र काढून दाखवले. वर दोन मूत्रपिंडे, त्यांतून खाली उतरणाऱ्या दोन बारीक नळ्या, खाली मूत्राशयाची पिशवी आणि पिशवीतून बाहेर पडायचा मार्ग. "हा शेवटचा मार्ग पुरुषात सुमारे २० सेंटिमीटर असतो आणि बाईत ४. सगळी गोम इथे आहे," त्या म्हणाल्या. आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जंतू वस्तीला असतात. १८८५ साली एशेरिख नावाच्या बालरोगतज्ज्ञाने ते प्रथम शोधले, त्याचेच नाव त्यांना मिळाले. आतड्यात ते निमूट नांदतात. पण तिथून जवळच्या ह्या वाटेला लागले आणि चार सेंटिमीटर चढून मूत्राशयात शिरले की उपद्रव सुरू. अशा साध्या संसर्गांतले शंभरांतले पंचाहत्तर-ऐंशी ह्याच जंतूंचे. म्हणून निम्म्याहून अधिक बायकांना आयुष्यात एकदा तरी हे दुखणे होतेच होते. त्यात आपल्या वागणुकीला दोष देण्यासारखे काही नाही. हा गुप्तरोग नव्हे आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही. नव्याने लग्न झालेल्या मुलींना तो पुष्कळदा होतो, कारण पतिपत्नीच्या संबंधात ते जंतू आत ढकलले जातात. त्या मुली लाजेने बोलत नाहीत आणि सासरी कुजबूज होते ती निराळीच. गरोदरपणी, पाळी थांबल्यावर, मधुमेह असला तर, मुतखडा असला तर किंवा लघवीची नळी घातलेली असली तर धोका वाढतो. पुरुष अगदीच सुटले असे नाही. पन्नाशी-साठीनंतर प्रोस्टेट ग्रंथी वाढली, पिशवी पुरती रिकामी होईनाशी झाली की त्यांच्याही वाट्याला येते. तान्ह्या मुलाला नुसताच ताप येतो, कारण सापडत नाही, तेव्हाही डॉक्टर लघवी तपासतात ती ह्याचसाठी.

"आणि पाण्याचं काय?" मी विचारले.

"लघवी म्हणजे शरीराने धरलेली पाण्याची धार. जंतू चढायला लागले की ती त्यांना धुऊन बाहेर काढते. तुम्ही धारच बंद केलीत."

प्रयोगशाळेत, खाणेपिणे मनासारखे असले तर, हे जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. मी अंथरुणात पडल्या पडल्या हिशेब केला. एकाचे तीन तासांत ५१२. सातारा ते सांगली! शरीरात ते इतक्या वेगाने वाढतातच असे नाही, पण तुंबवून ठेवलेल्या लघवीत त्यांना सवड मिळते एवढे खरे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पाणी कमी पिणाऱ्या आणि वारंवार हे दुखणे होणाऱ्या १४० बायका घेतल्या होत्या. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला. नेहमीसारखे पाणी पिणाऱ्यांना ३.२ वेळा. दीड लिटर म्हणजे सहा-सात भांडी. (ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.)

मग आत्याबाईचे धन्याजिऱ्याचे पाणी खोटे का? मी हेही विचारले. डॉक्टरीणबाई हसल्या. "पाणी खरं. धने-जिऱ्यांनी जंतू मरत नाहीत, पण त्या निमित्ताने पोरगी तांब्याभर पाणी पिते. जळजळ सुरू झाली की पाणी प्या आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे या. पाणी पिऊन आठ दिवस वाट पाहू नका."

आता माझ्या धंद्यातली एक गंमत सांगते. लघवी तपासायला घेऊन जाणाऱ्या मुलाने मला विचारले, "मॅडम, कल्चर पण करायचंय ना?" वीस वर्षे मी 'कल्चर' म्हणजे संस्कृती असे शिकवीत आले. इथे कल्चर म्हणजे जंतूंना खाऊपिऊ घालून बशीत वाढवणे. आणि त्याच कागदावर पुढे 'सेन्सिटिव्हिटी', म्हणजे आमच्या भाषेत संवेदनशीलता! कुठल्या औषधाला जंतू दाद देतात आणि कुठल्याला देत नाहीत, ह्याची यादी. १९५६ साली कॅस ह्या अमेरिकन डॉक्टरांनी मोजमाप बसवून दिले, की लघवीच्या एका मिलीलिटरमध्ये १ लाख जंतू वाढले तर तो खरा संसर्ग समजावा, वाटेत चुकून मिसळलेले जंतू नव्हेत. आज त्रास होत असलेल्या बाईच्या बाबतीत डॉक्टर त्याहून कमी आकडाही धरतात. नमुना द्यायचा तो पहिली धार सोडून मधल्या धारेचा, स्वच्छ बाटलीत, आणि गोळ्या सुरू करण्यापूर्वी. हे आपल्याला कुणी नीट सांगत नाही; बाटली हातात देतात आणि दार दाखवतात.

माझ्या यादीत जंतूंची संवेदनशीलता फारच कमी निघाली. ज्या औषधाच्या गोळ्या मी दाढदुखीच्या डब्यातून घेतल्या होत्या, त्याच्यापुढे 'दाद देत नाही' अशी खूण होती. आपल्याकडे घरोघर असे डबे आहेत, दुकानातून मागून गोळ्या आणणारे आहेत आणि बरे वाटले की अर्ध्यावर सोडणारे आहेत. त्यामुळे पूर्वी हमखास लागू पडणाऱ्या कितीतरी गोळ्यांना हे जंतू आता जुमानीत नाहीत. साध्या, मूत्राशयापुरत्या संसर्गाला १९५३ साली निघालेली नायट्रोफ्युरँटॉइनसारखी जुनी औषधे अजून चांगली उपयोगी पडतात; पण कुठले, किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. मूत्रपिंडापर्यंत पोचलेल्या संसर्गाला ती पुरत नाहीत. शुक्रवारी मी बोलले असते तर काही दिवसांच्या गोळ्यांत भागले असते. बोलले नाही, म्हणून पाच दिवस सलाइन.

ओळखायचे कसे, हे मी आता पाठ केले आहे आणि तुम्हीही करा. आग, वारंवार कळ, थोडी थोडी लघवी, ओटीपोटात दुखणे, गढूळपणा, कधी रक्त : इथवर दुखणे मूत्राशयात आहे. थंडी वाजून ताप, कुशीत-पाठीत कळ, मळमळ-वांती : ते वर चढले. मग रात्र असो की अमावास्या, थांबायचे नाही. लघवीत रक्त दिसले तर दुखो न दुखो, दाखवायचेच. आणि गरोदर बाईला काही त्रास नसला तरी तिची लघवी तपासतात ती तपासणी टाळायची नाही. तिच्यात संसर्ग मुकाट्याने वर चढतो आणि दिवस पुरे होण्याआधी बाळंत होण्याची भीती असते.

ही झाली माझी गोष्ट. पण पडल्या पडल्या मला एसटीच्या खिडकीतले एक दृश्य आठवत राहिले. थंडीत आष्ट्याच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याकडेला उसाच्या फडांजवळ पाले दिसतात. बीडकडून आलेली ऊसतोड कामगारांची टोळी. त्यांच्या बोलीत नवराबायको मिळून एक 'कोयता'. शब्द पाहा : दोन माणसे, पण मोजदाद हत्याराची. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात. बाई पहाटे उठून फडात जाते, मोळ्या डोक्यावर वाहते. तिला आडोसा उसाचाच आणि पाणी असेल तेवढेच. मला निदान मागायला एक किल्ली तरी होती.

२०१९ साली ह्या बायकांविषयी राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. तो विषय लघवीच्या दुखण्याचा नव्हे, त्याहून फार मोठा आहे. पण मला त्यात तोच धागा दिसतो. ओटीपोटात दुखते, अंगावरून जाते, जळजळते. सांगायला शब्द नाही, जायला वेळ नाही, तपासायला कुणी नाही. आणि सगळ्या दुखण्यांना मिळून एकच नाव 'पोट'. मग कुणीतरी सांगते, पिशवीच काढून टाका. आता बोलीत 'पिशवी' म्हणजे गर्भाशय. मूत्राशयाची पिशवी निराळी. गर्भाशय काढून तिचा संसर्ग बरा होत नाही.

ह्या बाबतीत बोलणाऱ्या बायका नाहीत असे नाही. २०११ साली मुंबईत बायकांच्या संघटनांनी 'राइट टू पी' अशी चळवळ उभी केली, तिच्या नावालाच लोक आधी लाजले. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' ह्या मासिकाने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला आणि २०१५ साली न्यायालयाने महापालिकांना बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहे बांधायला सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सर्व न्यायालयांच्या आवारात तशी सोय हवी असा आदेश दिला. म्हणजे न्यायमंदिरातही ती सगळीकडे नव्हती! हुकूम निघाले आहेत. कुलपे अजून आहेत.

मी आता साताऱ्याला आगगाडीने जाते. साताऱ्याचे स्टेशन गावाबाहेर, माहुलीकडे, त्यामुळे रिक्षाचे पैसे पडतात. पण डब्यात संडास असतो आणि मी बाटलीभर पाणी पीत जाते. वाटेत किर्लोस्करवाडी लागते. 'स्त्री' मासिक १९३० साली ह्याच वाडीतून निघू लागले. बायकांनी आपल्या आयुष्याविषयी छापील पानांतून बोलावे ही सवय आपल्याला ज्या मासिकांनी लावली त्यांतले ते एक. ते स्टेशन आले की मला जरा ओशाळल्यासारखे होते. त्यानंतर इतकी वर्षे गेली आणि मी 'पोट बिघडलंय' म्हणत होते.

आषाढात वहिनीचा फोन आला. "आई जेवत नाहीत, नुसत्या पडून असतात. बारीक ताप आहे." मी आईशी बोलले आणि सरळ विचारले, "लघवीला कशी होतेय?" फोनवर बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "अगं, कमीच होते. पाणीच कमी पिते मी. रात्री उठावं लागलं की सूनबाईची झोपमोड होते. ती बिचारी दिवसभर राबते." ऑपरेशन झाल्यापासून सहा महिने आई तहान मारीत होती आणि वहिनीला पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी तपासणी झाली, संसर्ग निघाला, वेळेवर औषध मिळाले. म्हाताऱ्या माणसांत पुष्कळदा आग वगैरे काही होत नाही, नुसती गळून जातात. उलट नुसते जंतू दिसले आणि त्रास काहीच नसला तर बहुधा औषध देऊही नये, हेही त्या वेळी कळले. वहिनीने खोलीतच कमोडची खुर्ची आणली. ती आईला म्हणाली, "तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत? माझी झोप काय एवढी महाग आहे का?" आई रडली म्हणे.

त्या रात्री फोनवर आईशी आत्याबाईचा विषय निघाला. आत्याबाई कशाने गेली हे आमच्या घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. "साखर होतीच तिला. थंडी वाजून ताप आला, पाठीत दुखतं म्हणाली, दोन दिवसांत आटोपलं," आई म्हणाली. मी गप्प झाले. तेच दुखणे होते असे मी म्हणत नाही. आता ते कळायला मार्ग नाही. पण सगळ्या घरादाराची उन्हाळी ओळखणाऱ्या त्या बाईला "तुला जळजळतंय का?" असे कधी कुणी विचारले असेल असे मला वाटत नाही.

कॉलेजातल्या किल्लीचे काय झाले? फेब्रुवारीत कामावर रुजू झाल्यावर मी प्राचार्यांकडे गेले आणि सदऱ्यावरचा डाग झटकावा इतक्या सहज आवाजात सांगायचे ठरवून, अडखळतच सांगितले, की मी पाच दिवस कशाने पडून होते. ते टेबलावरच्या कागदांकडे पाहत म्हणाले, "बघतो." आठवड्याने कुलूप गेले. आतून कडी लागली, बादली आली, मुलींच्या मजल्यावरचेही दार उघडले. तृतीय वर्षाच्या त्या पहिल्या बाकावरच्या मुलींपैकी एक मला जिन्यात भेटली. म्हणाली, "मॅडम, तुम्हाला त्या दिवशी फोन येत नव्हता ना?" मी म्हणाले, "नव्हता." ती म्हणाली, "मला पण येतो असा फोन." तिला मी त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंकडे पाठवले.

तर वाचकहो, दिवाळीच्या दिवसांत चार दिवस बायका शेगडीपुढे बसतात, पाहुण्यांना पाणी देतात आणि स्वतः प्यायचे विसरतात. तळणीला बसणारीच्या हाताशी एक तांब्या भरून ठेवा. पाहुणी आली की फराळाच्या आधी तिला "आत जाऊन यायचंय का?" म्हणून विचारा, लांबून आलेली असते, आपण होऊन म्हणणार नाही. आणि घरातली कुणी "पोट बिघडलंय" म्हणाली तर ओवा द्यायच्या आधी, कुठे दुखतंय, एवढे नीट विचारा.

भाऊबीजेला मी साताऱ्याला जाते आहे. आईने आत्ताच फोनवर सांगितले, रात्री दोनदा उठले, वहिनीला हाक मारली. चकलीविषयी पुढच्या वर्षी लिहीन.